भट्टीच्या तोंडाशी दोम लाझर

चुन्याची भट्टी लावायची ती मका कापायच्या आधी, डोंगर कोरडा ठणठणीत असताना. गुर्बार्दी गावात हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. पण त्या वर्षी सहकारी शेताकडून जो हुकूम आला तो निराळाच होता. भट्टी नेहमीपेक्षा दुप्पट हवी, आणि एक उतरली की लगेच दुसरी. कारण गावातलं बंद केलेलं चर्च आतून-बाहेरून चुन्यानं पांढरं करून त्याचं संस्कृती भवन करायचं होतं. आणि भट्टीच्या तोंडाशी, जिथं माणसाच्या भुवया जळून जातात, तिथं आग राखायला कोणाला बसवलं? तर त्याच चर्चमध्ये उभी हयात मिस्सा म्हणणाऱ्या दोम लाझरला. वरच्या लोकांना विनोद कळत नाही असं म्हणतात, ते काही खरं नाही.

दोम लाझर छावणीतून सुटून आला तेव्हा त्याचा निम्मा माणूस उरला होता. काळा झगा गेला, अंगात ठिगळांचा जुना लष्करी कोट आला. दात गेले, ऐकू कमी यायला लागलं. धर्माचं कुठलंही काम करायचं नाही, केलं तर पुन्हा छावणी नाही, सरळ गोळी, असं त्याला सांगून सोडलं होतं. गावालाही ताकीद होती की त्याला कोणी दोम, म्हणजे फादर, म्हणायचं नाही. तो आता पाद्री नाही, बाकीच्यांसारखा लाझर.

आता गुर्बार्दीतल्या बायका म्हणजे जन्मात नवऱ्याचं नाव तोंडानं न घेतलेल्या. त्यांनी पाद्र्याला नुसतं 'लाझर' म्हणायचं? कुणाची जीभच उचलेना. द्रानेनं यातून आपल्यापुरती वाट काढली होती. ती त्याला काहीच म्हणत नसे.

"अहो, ती फाटी अशी कोंबू नका," पाठीवरची मोळी खाली टाकत ती म्हणाली. "आग हाय ती. बैल न्हाई वैरण खायला."

"बैलाला तरी मी कुठं नीट वैरण घातली, द्राने?"

"तेच म्हंते मी. मिस्सा सोडून दुसरं काय येतं तुमास्नी?"

"आता तीबी येत न्हाई, असं कागदावर लिवून दिलंय मी त्यांना," दोम लाझर म्हणाला आणि बोळक्या तोंडानं हसला.

द्रानेनं मोळीच्या पोटातून फडक्यात बांधलेली मक्याची भाकरी आणि चिजाचा तुकडा काढला, इकडंतिकडं बघितलं आणि त्याच्या कोटाच्या खिशात कोंबला. मग त्याच्या हातातला लोखंडी आकडा ओढून घेऊन स्वतःच फाटी सारू लागली. तिचं वय साठीला टेकलेलं, पण हात बाप्याचे होते.

या माणसानं तिच्यासाठी काय केलं होतं हे तिला कुणाला सांगावं लागत नव्हतं. तिचा थोरला मुलगा ताप डोक्यात जाऊन गेला, त्या हिवाळ्यात दोम लाझर छातीएवढ्या बर्फातून चालत आला होता. पोराच्या उशाशी बसला, आणि पोर गेल्यावर देवाची इच्छा वगैरे काही न बोलता चुलीपुढं द्रानेबरोबर रडला. नवरा गेला तेव्हा खड्डा खणायला माणसं नव्हती, तर यानं झगा खोचून कुदळ हातात घेतली आणि इतका वाईट खणला की शेवटी तिच्या दिराला हसू आलं. द्रानेनं मनाशी एकच ठरवलं होतं. बाकी जग जिकडं जायचं तिकडं जावो, हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत उपाशी मरता कामा नये, आणि पुन्हा त्यांच्या हाती लागता कामा नये.

भट्टी पेटली की थांबवता येत नाही. दगड आतून पांढरा होईपर्यंत आग सारखी गिळत राहते, आणि तोंडाशी दोघं लागतात. एकानं फाटी सारायची, एकानं आकड्यानं आत ढकलायची. आवाज असा की शेजारच्याच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलणं कळत नाही. दोम लाझर तर तिथून हलायचाच नाही. त्याचा जोडीदार तेवढा बदलायचा.

पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं कोण जाणे. पण एका सकाळी गिना नावाची म्हातारी आपण होऊन जोडीला बसली, आणि उठली तेव्हा डोळे पुसत होती. "धूर लई हाय बया," असं म्हणाली आणि पुन्हा डोंगरावर फाटी आणायला गेली. मग तिची सून बसली. मग दोन गुराखी. मग सगळ्या गावालाच कळलं की भट्टीच्या तोंडाशी दोमच्या कानात पापाची कबुली देता येते, आणि त्या आवाजात प्रत्यक्ष वुक्सान मागं उभा राहिला तरी त्याला ऐकू येणार नाही.

वुक्सान हा सहकारी शेतावरच्या कामकऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या. द्रानेच्या नवऱ्याचा चुलत पुतण्या, स्वभावानं वाईट नाही, पण हुकमाला भिऊन असलेला. एरवी भट्टीच्या तोंडाशी माणूस बसवायचा तर त्याला शिव्या घालाव्या लागत. आता माणसं रांग लावून उभी राहू लागली.

"काकू, ह्यास्नी झालंय तरी काय?" तो द्रानेला म्हणाला. "त्यो प्रेक बगा. जन्मात काडी उचलली न्हाई त्यानं. आज दोनदा जाऊन बसला."

"समाजवाद कळला असंल त्याला," द्राने म्हणाली.

प्रेक हा गिनाचा नवरा. चिकट, भांडखोर, शेजाऱ्याच्या बांधावरचं आक्रोडही आपलं म्हणणारा. तो दोनदा बसला कारण त्याचं एकदाच्या बसण्यात आटपण्यासारखं नव्हतं. आणि दोम लाझर कान जवळ नेऊन सगळं ऐकायचा, काजळलेला हात दोन बोटं उचलून हलकेच हलवायचा, आणि प्रायश्चित्त द्यायचा. जपमाळ म्हण असं कसं सांगणार? त्यानं सोपं केलं. लहान पापाला एक मोळी जास्त, मोठ्याला चार.

झालं असं की गुर्बार्दीच्या भट्टीवर फाट्यांचे डोंगर उभे राहिले. प्रेकनं तर एकट्यानं कडा साफ केला. भट्टी उतरली की लगेच दुसरी पेटायची, आणि चुना ठरल्यापेक्षा इतका जास्त निघाला की खालच्या इलाख्यात गावाचं नाव झालं. वुक्सानला लाल निशाण मिळालं. ते त्यानं भट्टीच्या डोक्यावर लावलं आणि दोम लाझरनं त्याचं मनापासून अभिनंदन केलं.

द्राने कधी जोडीला बसली नाही. तिनं एकदा सरळ सांगून टाकलं होतं.

"माझी पापं ऱ्हाऊ द्यात माझ्यापाशी. तुमी एवढ्यांचं ऐकताय त्येच लई झालं. कुणी एक फितला तर?"

"तर फितला."

"तुमास्नी काय, तुमी जाल सर्गात. मागं आमी काय करायचं?"

"तू रागावशील," दोम लाझर म्हणाला. "दुसरं काय करतीस तू?"

अशातच द्रानेची सून फिले बाळंत झाली. मुलगी झाली. आधीचं एक मूल जन्मल्याजन्मल्या गेलेलं, बाप्तिस्म्याचं पाणीही न लागता, कारण तेव्हा दोम छावणीत होता. तेव्हापासून फिलेला धड झोप नव्हती. सरकारी यादीतलं नाव ठेवायचा नियम म्हणून मुलीचं तेउता नाव नोंदवून झालं. आणि अंगावरचं ओलेपण सुटायच्या आत फिले सासूला म्हणाली, "आत्याबाई, त्यांना सांगा."

"कुणाला?"

"तुमाला ठाव हाय कुणाला."

"न्हाई सांगायची मी," द्राने म्हणाली. "बाप्तिस्मा दिला तर गोळी घालत्यात, फिले. पोरीला काय हुत न्हाई. देव काय कागद तपासतो का दारात?"

फिले पाळण्याकडं तोंड करून पडून राहिली. द्रानेचा मुलगा पाश्क उंबऱ्यात बसून वहाण शिवत होता. त्याचं नाव ट्रक चालवायच्या शिक्षणासाठी गेलेलं, घरात काही निघालं तर ते नाव पुसलं जाणार. त्यानं दोघींकडं बघितलं, वहाण खाली ठेवली आणि म्हणाला, "मला काय ठाव न्हाई. मला सांगू बी नका." आणि टोपी घालून रानात निघून गेला. ते त्याचं हो म्हणणं होतं, आणि द्रानेला ते कळलं म्हणून तिला जास्तच राग आला.

द्रानेनं दोमला नाहीच सांगितलं. पण फिले अंग धरायला लागल्यावर फाट्याची मोळी घेऊन स्वतःच भट्टीवर गेली आणि दोमच्या जोडीला बसली. द्रानेनं लांबून बघितलं. सून त्याच्या कानाला लागली, दोमनं मान वर केली, द्रानेकडं बघितलं आणि असा हसला की जणू त्याला कुणीतरी मोठं बक्षीस दिलंय. द्रानेनं हातातली फाटी दाणकन आपटली.

"ही पोरीला पाणी मागतीय का तुमचा जीव मागतीय?" ती त्याच्यापुढं जाऊन म्हणाली. "तुमी न्हाई म्हणा. ती ऐकंल तुमचं."

"द्राने, मला छावणीतनं मागं कशाला आणलंय देवानं? चुना भाजायला?"

"व्हय! चुना भाजायला, भाकरी खायला आन् गप पडून ऱ्हायला."

"भाकरी तर खातोच मी तुझी," दोम लाझर म्हणाला. त्याचे डोळे धगीनं लाल झालेले होते. "उद्या घोंगड्या धुवायला झऱ्यावर येणार ना तुमी?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी झऱ्यावर घोंगड्या धुणं झालं. द्राने वाटेच्या बाजूला दगडावर बसली आणि लाकडी धोपाटण्यानं ओली घोंगडी अशी बडवू लागली की वरच्या वाडीत ऐकू जावं. दोम लाझर पाणी प्यायला म्हणून आला. त्यानं पोरीला हात लावायच्या आधी द्राने बडवणं थांबवून ओरडली, "हात धुवा आदी! चुना हाय हाताला, पोरगी पोळंल!" तेव्हा त्यानं मुकाट्यानं वाळूनं हात घासले, तळव्याच्या भेगांतून रक्त आलं तरी घासले. मग फिलेनं मूल पुढं केलं. ओंजळीत पाणी घेऊन त्यानं ते तीनदा त्या इवल्याशा डोक्यावर सोडलं आणि तिचं नाव लूचिये ठेवलं. पोरीनं टाहो फोडला. दोम लाझर म्हणाला, "आजीवर गेलीय." द्राने घोंगडी बडवत होती आणि रडत होती, आणि तिला कुणाचा राग आलाय तेही नीट सांगता आलं नसतं.

या सगळ्यातून दोम लाझर सुखरूप निभावला असता. कुणी फितलं नाही, प्रेकसुद्धा नाही.

घात झाला तो चुन्यामुळं. एवढा चुना काढणारं गाव बघायला खालच्या इलाख्याच्या कचेरीतला माणूस वर आला. तरुण, स्वच्छ दाढी केलेला, बुटांना पॉलिश. वुक्सान त्याच्या मागंमागं. भट्टी बघून झाल्यावर सगळ्यात जवळचं घर द्रानेचं म्हणून पाहुणे तिथं बसले. घरात थोडीशी कॉफी पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली होती, ती द्रानेनं चुलीवर ठेवली.

"आगीपाशी कोण असतं?" पाहुण्यानं विचारलं. "भुवया जळलेला तो म्हातारा? त्याला बोलवा की. कामगाराला सोडून आपण कॉफी प्यायची हे बरं दिसत नाही."

वुक्सानचा चेहरा उतरला, पण हुकूम तो हुकूम. दोम लाझर आला, टोपी काढून दाराजवळ, सगळ्यात खालच्या जागी, जमिनीवर बसला. इथवर सगळं नीट होतं.

द्राने तबक घेऊन आली. तिचं अर्धं लक्ष पाळण्याकडं होतं, कारण पोरगी कुरकुरत होती. आणि त्या डोंगरात बायका कॉफी कशी देतात? आधी ज्याचा मान मोठा त्याला, मग वयाप्रमाणं. त्याचा विचार करत नाही कुणी. लग्न होऊन आल्यापासून हात आपोआप जातो. द्राने चुलीपासून निघाली, इलाख्याच्या माणसापुढून गेली, वुक्सानपुढून गेली, दाराशी वाकली आणि पहिला कप दोम लाझरपुढं धरला.

पाळण्यातली पोरगी तेवढी कुरकुरत होती. आपण काय केलं हे द्रानेला तेव्हा कुठं कळलं.

"आगं बाई, डोळं गेलं का तुझं?" दोम लाझर मोठ्यानं म्हणाला. "पाव्हणं तिकडं बसल्यात." त्यानं कप उचलून तिच्या हातात परत ठेवला.

"म्हातारी हाय, साहेब," वुक्सान घाईघाईनं म्हणाला. "लांबचं दिसत न्हाई तिला."

इलाख्याच्या माणसानं मान हलवली. तो हसत होता, आणि हसणं वाईट नव्हतं. "माझी आईपण डोंगरातलीच," तो म्हणाला. "आमच्याकडे गावचा पाटील आला तरी पहिला कप त्याला मिळायचा नाही. पाद्री असला तर पाद्र्याला. तिचा हात कधी चुकला नाही. तुमचाही नाही चुकला, आजी." मग त्यानं पाळण्याकडं बघितलं. "मुलीचं नाव काय?"

"तेउता," फिले म्हणाली. फार लवकर म्हणाली.

"दुसरं काही?"

फिले उठून पाळण्याच्या आड उभी राहिली. पाहुणा उठला, कपडे झटकले. "सूनबाईंना जरा खाली कचेरीत यावं लागेल. बाळाला घेऊनच या."

"लूचिये," दोम लाझर म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. तो गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उभा राहिला.

"दुसरं नाव लूचिये हाय. मी ठेवलं. ह्या घरात कुणालाच म्हाईत न्हाई. ही पोर झऱ्यावर घोंगड्या धूत हुती, तान्हं सावलीत निजल्यालं. मी पाणी प्यायला गेलो आन् उरकून घेतलं. चोरून. ह्या म्हातारीला कळलं असतं तर तिनं धोपाटणं घातलं असतं माझ्या टाळक्यात."

उभ्या जन्मात खोटं न बोललेला माणूस, आणि बोलला तर इतकं बेतशीर बोलला. द्रानेनं तोंड उघडलं. दोम लाझरनं तिच्याकडं बघितलं, छावणीतून आल्यापासून पहिल्यांदा पाद्र्यासारखं बघितलं, आणि तिनं तोंड मिटलं. त्याला नेलं तेव्हा द्रानेच्या हातातला तो कप तसाच होता, गार झालेला.

सभा भरली ती चर्चमध्येच. म्हणजे संस्कृती भवनात. भिंती अजून ओल्या होत्या, चुन्याचा वास घशाला लागत होता. टेकलं की बाही पांढरी व्हायची. गावाला बाकांवर बसवलं होतं आणि दोम लाझरला समोर, हात बांधून, जिथं वेदी होती तिथं उभं केलं होतं. सभेत द्रानेला बोलायचं होतं. आजीनंच साक्ष द्यायची, की यानं आमचं मूल चोरून बाटवलं.

आदल्या दिवशी वुक्सान तिच्याकडं आला होता. तो पहाऱ्यावर होता, बंद्याला पाणी द्यायचं काम त्याच्याकडं.

"काकू, त्यो म्हणाला तेच म्हणा. न्हाईतर फिले जाईल, पाश्क जाईल, पोरगी अनाथ आश्रमात जाईल."

"माझ्या चुलीपुढं बसल्याल्या माणसाला मी चोर म्हणू?" द्राने म्हणाली. "आपल्या घराण्यात कुणी पाव्हण्याला धरून दिलंय का कधी? दावा मांडल्याल्या वैऱ्याला सुदिक न्हाई दिलं."

"त्यानंच निरोप दिलाय," वुक्सान खाली बघत म्हणाला. "म्हणाला, द्रानेला सांग, खोटं नीट बोल. तिला सवय न्हाई, अडखळंल."

द्राने अडखळली नाही. उभी राहिली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "आमाला म्हाईत नव्हतं. चोरून केलं त्यानं."

"आणि अशा माणसाला काय शिक्षा द्यावी?" इलाख्याच्या माणसानं विचारलं.

ह्याचं उत्तर तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती उभीच राहिली. बाकांवरची माणसं आपापल्या गुडघ्यांकडं बघत होती. गिनानं हात तोंडावर धरला होता.

"बाई खरं बोलली," दोम लाझर वेदीच्या जागेवरून म्हणाला. "घरी तान्हं पोर हाय तिच्या. सोडा तिला आता."

द्राने बसली. त्या सभेत पुढं काय बोलणं झालं ते तिला आठवत नाही. घरी आल्यावर तिनं पोरीला मांडीवर घेतलं, आणि पोरगी झोपल्यावरही खाली ठेवलं नाही.

गोळी घातली ती नदीकाठी कुठंतरी, मका कापून झाल्यावर. वुक्साननं ट्रकवाल्याकडून ऐकलं आणि द्रानेला बांधावर गाठून सांगितलं. शिपाई कोवळी पोरं होती म्हणे. दोम लाझरनं बूट काढून बाजूला ठेवले, चांगले आहेत, कुणाला तरी होतील म्हणाला. पोरांना म्हणाला, घाबरू नका, माझ्या मनात काही नाही तुमच्याबद्दल.

"आन् त्याला पुरला कुठं?"

"ते सांगत न्हाईत, काकू."

द्राने विळा घेऊन पुन्हा कामाला लागली.

तिला रडू येत नव्हतं. येणार कसं? तिकडं रडायलाही रीत असते. मढं मधोमध ठेवायचं, बायकांनी भोवती बसायचं, एकीनं आरंभ करायचा, मेलेल्याचे गुण एकेक काढून सांगायचे. बापे दारात उभं राहून छाती बडवतात. त्याशिवाय दुःख बाहेर पडत नाही, आत राहून सडतं. आणि दोम लाझरला ना मढं, ना थडगं, ना रक्ताचं कुणी माणूस. त्याचं नाव काढायचीही बंदी. द्रानेचं जेवण तुटलं. फिले काही बोलायला गेली की "काम बघ" म्हणायची. एकदा भट्टीच्या थंड तोंडाशी तासभर उभी राहिलेली पाश्कनं बघितली.

पहिला बर्फ पडायच्या सुमारास म्हातारा प्रेक मेला. पोटात दुखतंय म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत आटोपला. त्याच्यासाठी कोण रडणार होतं? गावात ज्याच्याशी त्याचं भांडण झालं नाही असा माणूस नव्हता. बायका गेल्या त्या गिनाकडं बघून गेल्या, रीतीपुरतं बसायचं आणि उठायचं म्हणून.

मढं मधोमध ठेवलं होतं. पांढरी लोकरी टोपी, हनुवटीला फडकं बांधलेलं, मेल्यावरही कुणावर तरी वैतागल्यासारखा चेहरा. बायका भोवती बसल्या. आरंभ कुणी करीना. शेवटी वयानं मोठी म्हणून द्रानेनं मढ्याच्या छातीवर हात ठेवला आणि आवाज लावला.

"उठ रं बाबा, बर्फ पडायला लागला..."

इतकं ठीक होतं. सगळ्याच मढ्यांना असं म्हणतात.

"उठ रं बाबा, बर्फ पडायला लागला. आता आमच्या पोरांच्या उशाला बर्फातनं चालत कोण येईल?"

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. प्रेक आयुष्यात कुणाच्या पोराच्या उशाला गेला नव्हता.

"तुला खणता येत नव्हतं, तरी आमची माणसं तू मातीला लावलीस. आमचं पाप तू कानात घेतलंस आन् पुन्हा कधी तोंडानं काढलं न्हाईस. तुझं घर नव्हतं, तुझी बायको नव्हती, तुला रडाया लेक नव्हती..."

गिना तिथंच बसलेली होती, प्रेकची बायको, आणि पलीकडं त्याच्या तीन लेकी. पहिल्यांदा गिनाची सून हुंदका देऊन फुटली. मग गुराख्यांच्या बायका. मग सगळ्या. असा आकांत त्या गावात कुणी ऐकला नव्हता. बायका केस सोडून, गाल ओरबाडून त्या चिकट म्हाताऱ्यावर पडून रडत होत्या, आणि दारातले बापे टोप्या काढून छाती बडवत होते. पाश्क भिंतीला तोंड लावून उभा होता.

"मी तुला चोर म्हणलं रं!" द्राने ओरडली. "भरल्या सभेत म्हणलं! आन् तू म्हणालास, बाई खरं बोलली..."

तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली. वुक्सान आत आला होता. एवढा आवाज कसला, बघायला. कुठल्या घरात काय बोललं जातं ते खाली कळवणं हे त्याचं कामच होतं. द्रानेचा शेवटचा शब्द त्यानं ऐकला होता, त्यात शंका नव्हती. हळूहळू बायका गप्प झाल्या. द्रानेनं मान वर केली, पण मढ्यावरचा हात काढला नाही.

गिना उठली. कमरेवर हात ठेवून पुतण्याच्या वयाच्या त्या म्होरक्यापुढं उभी राहिली.

"काय बगतोस? माझ्या नवऱ्यासाठी रडत्यात. मेलाय त्यो. रडू का नको?"

वुक्साननं मढ्याकडं बघितलं. मग द्रानेकडं. त्याला बाप्तिस्मा दोम लाझरनंच दिला होता, आणि शेवटचं पाणीही त्यानंच दोमला पाजलं होतं.

"लई चांगला माणूस हुता, गिनाकाकू," तो म्हणाला. "मी बी रडू का?"

"रड की," गिना म्हणाली आणि सरकून तिनं त्याला मढ्याजवळ जागा करून दिली. "माझा म्हातारा काय म्हणायचा न्हाई. त्यालाबी ठाव हाय."

वुक्साननं टोपी काढली, खाली गुडघे टेकले आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडू लागला. द्रानेनं दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला, आणि तुटलेला आवाज पुन्हा लावला.